रोनच्या पूर्वेला खडक, पश्चिमेला वाळू : दक्षिण फ्रान्सची किनाऱ्यावरची गावं

गलबत

दक्षिण फ्रान्सचा विषय निघाला की गाडी नीस, कान, मोनॅको या तीन स्टेशनांवरच थांबते. एकदा नकाशा उघडून रोन नदीचं मुख शोधा आणि तिथून दोन्हीकडे नजर टाका. पूर्वेला डोंगर थेट पाण्यात उतरलेत. मार्सेय, कासी, तुलों, व्हिलफ्रांश या सगळ्यांना बंदर निसर्गानेच दिलंय. पश्चिमेला मात्र पिरेनीजच्या पायथ्यापर्यंत बहुतेक सगळी सपाट वाळू आणि त्या वाळूमागे खाऱ्या तळ्यांची रांग. इथला समुद्रप्रवाह पूर्वेकडून पश्चिमेला वाहतो, म्हणून रोनने आणलेला गाळ पश्चिमेकडेच सरकत जातो.

या दोन किनाऱ्यांवरच्या गावांचं नशीबही वेगळं झालं. मार्सेय इ.स.पू. ६०० च्या सुमारास फोकायाच्या ग्रीकांनी वसवलं. त्यांनी जी खाडी निवडली तीच आजचं व्यू-पोर, म्हणजे जुनं बंदर, आणि तिथे अजून बोटी लागतात. नारबोन ही इ.स.पू. ११८ मधली रोमन वसाहत, एके काळचं मोठं बंदर. आज शहर समुद्रापासून दहा-पंधरा किलोमीटर आत आहे. एग-मोर्तला तेराव्या शतकात राजाने बंदर बांधलं, तेही गाळाने संपलं. सेत हे तर सरळ कागदावर आखून १६६६ मध्ये उभारलेलं बंदर, कारण आजूबाजूला गाळ न भरणारी जागाच उरली नव्हती.

माझ्या मते बघण्यासारखी गावं पश्चिमेलाच जास्त आहेत. पूर्वेची गावं देखणी आहेतच, पण पश्चिमेला प्रत्येक गाव समुद्राशी भांडून उभं राहिलंय आणि त्या भांडणाच्या खुणा अजून दिसतात. जाणकारांनी भर घालावी. फोटो नकोत, तपशील हवेत.

खारावारा

धागा उत्तम, पण दोन दुरुस्त्या. नारबोनचा गुन्हेगार रोन नव्हे, ओद नदी. तिच्याच गाळाने तिथली खारी तळी भरली.

दुसरी दुरुस्ती एग-मोर्तची. 'सेंट लुईच्या काळी समुद्र तटबंदीला भिडलेला होता' असं गाईडसुद्धा ठोकून देतात. तसं नव्हतं. गाव तेव्हाही खाऱ्या तळ्यांच्या काठी होतं आणि तळ्यांतून कालवा काढून समुद्र गाठावा लागे. मोठी जहाजं बाहेर नांगर टाकत. नवव्या लुईने, म्हणजे याच सेंट लुईने, ही अडचणीची जागा घेतली कारण पर्यायच नव्हता. मार्सेय प्रोव्हान्सच्या काउंटच्या हद्दीत, मोंपेलिए आरागोनच्या राजाकडे. फ्रान्सच्या राजाला भूमध्य समुद्रावर स्वतःचा म्हणावा असा धक्का नव्हता. १२४८ च्या ऑगस्टमध्ये तो इथूनच धर्मयुद्धाला निघाला आणि १२७० मध्ये पुन्हा निघाला तो ट्युनिसला आजारी पडून वारला. आज दिसणारा तट त्याचा नाहीच. त्याच्या हयातीत उभा राहिला तो कोन्स्तांस बुरूज, सुमारे सहा मीटर जाडीच्या भिंतींचा. तट त्याच्या मुलाने १२७२ मध्ये सुरू केला. एकूण लांबी १,६३४ मीटर, आणि वरून पूर्ण फेरी मारता येते. १४८१ मध्ये प्रोव्हान्ससकट मार्सेय फ्रान्सच्या राजाकडे आलं आणि एग-मोर्तचा गाळ उपसत बसायचं कारणच संपलं.

बुरुजात वरच्या दालनाच्या मध्यभागी जमिनीत एक गोल भोक आहे. त्याच्या दगडी कठड्यावर 'REGISTER' अशी अक्षरं कोरलेली आहेत, म्हणजे फ्रेंच 'résister', 'प्रतिकार करा'. ती मारी द्युरां हिने कोरली असं मानतात. प्रोटेस्टंट धर्म सोडत नाही एवढ्यासाठी ती १७३० ते १७६८ अशी ३८ वर्षं तिथे कैदेत होती. लोक गच्चीवर जायच्या घाईत तिथून तसेच निघून जातात. खाली वाकून बघा.

अभ्यासू बोका

खारावारा, तटावरून दिसणारं ते गुलाबी पाणी खरंच तसं असतं की फोटोची करामत? आणि मिठागरं अजून चालू आहेत का?

खारावारा

बोकोबा, चालू आहेत आणि रंगही खरा आहे. मात्र तो उन्हाळ्यातच गडद असतो. खूप खाऱ्या पाण्यात दुनालिएला नावाचं सूक्ष्म शेवाळ वाढतं, त्यातल्या कॅरोटीनचा तो रंग. ते शेवाळ खाऊन आर्टेमिया नावाचे चिमुकले खाऱ्या पाण्यातले जीव जगतात, आणि त्यांना खाऊन रोहित पक्षी गुलाबी होतात. एप्रिलमध्ये जाऊन 'गुलाबी कुठेय' म्हणणाऱ्यांनी वेळ चुकवलेली असते.

पद्धत अशी. वसंतात समुद्राचं पाणी पंपाने आत घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात असं अनेक किलोमीटर फिरवतात. सुरुवातीला लिटरला चाळीस ग्रॅमच्या आत मीठ असतं. पाणी आटत जातं तसा आधी चुना बसतो, मग जिप्सम. ही घाण लांबच्या वाफ्यांतच सोडून द्यायची, हीच सगळी मेख. लिटरला २६० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे खारेपणा मोजायच्या बोमेच्या काट्यावर २५ अंश ओलांडले की खायचं मीठ धरू लागतं. तोवर पाणी शेवटच्या वाफ्यात पोचलेलं हवं. काटा २९-३० च्या पुढे जाऊ दिला तर मॅग्नेशियमचे क्षार बसतात, मीठ कडवट होतं आणि दमट हवेत पाणी सोडतं. म्हणून उरलेलं पाणी त्याआधीच काढून टाकतात. मीठ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खरवडतात. शरदातला मोठा पाऊस लवकर आला तर धरलेलं मीठ परत विरघळतं.

'मिठाचं फूल' म्हणून जे महाग विकतात ती पृष्ठभागावर धरणारी पातळ साय. वारा पडलेला असेल तेव्हाच ती धरते. जरा वारा सुटला की बुडून खालच्या साध्या मिठात जमा.

उरण-पेणच्या मिठागरांची माहिती असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की आपल्याकडे भरतीचं पाणी आपसूक आत येतं. तिथे पंपाशिवाय गत्यंतर नाही.

एक काळी बाजूही सांगायला हवी. १७ ऑगस्ट १८९३ रोजी याच मिठागरांवर कामाला आलेल्या इटालियन मजुरांवर जमावाने हल्ला केला, त्यात अनेक मेले. खटल्यात आरोपी सुटले.

नकाशावाला

खारावारांनी भरतीचा उल्लेख केला तो धागा पुढे नेतो. कोकण बघितलेल्या माणसाला इथे सगळ्यात आधी खटकतं ते हेच. भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, फूट-दीड फुटाचा फरक. म्हणून जुन्या गावांत घराची पायरी आणि बोटीचा काठ जवळजवळ एका पातळीत दिसतात. धक्के बुटके, आणि होडी ओढायला ओहोटीची वाट बघायची नाही.

याचा सगळ्यात मजेशीर परिणाम कालवांच्या शेतीवर झालाय. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या जमिनीवर कालवं वाढवतात. सेतच्या मागचं तो नावाचं खारं तळं कधी उघडं पडतच नाही. म्हणून तिथे पाण्यात खांब रोवून त्यावर आडव्या रुळांची चौकट उभारतात आणि तिला दोऱ्या टांगतात. कालवाची पिल्लं बाहेरून आणून दोन-तीनच्या झुपक्यांनी सिमेंटच्या ठिपक्याने दोरीला चिकटवतात, हाताने, एकेक. सतत पाण्यात असल्याने ती सारखी खातात आणि भराभर वाढतात. पण शिंपला पातळ राहतो आणि स्नायूला सवय नसल्याने बाहेर काढल्यावर लवकर तोंड उघडतात. म्हणून काही शेतकरी दोऱ्या ठरावीक वेळ पाण्याबाहेर उचलून खोटी ओहोटी करतात. त्याने शिंपला जाड होतो, मांस घट्ट होतं. अर्थात किंमतही चढते.

बिघडतं कधी? उन्हाळ्यात वारा पडून पाणी तापलं की तळाशी कुजणाऱ्या शेवाळामुळे प्राणवायू संपतो. स्थानिक याला 'मालेग' म्हणतात. पाणी पांढुरकं होतं, सडक्या अंड्याचा वास येतो आणि दोरीवरचा माल काही दिवसांत मरतो. हिवाळ्यात उलटा ताप. जोराच्या पावसाने सांडपाणी तळ्यात आलं की नोरोव्हायरस सापडतो आणि विक्री थांबवतात, कधीकधी ऐन नाताळात. खायची असतील तर तळ्याच्या काठचं बुझीग गाव गाठा. शेतकऱ्याच्याच शेडमध्ये टेबलं मांडलेली असतात.

सेतबद्दल थोडं. काम १६६६ मध्ये सुरू झालं ते पिएर-पोल रिके याच्या कालव्याचं समुद्राकडचं तोंड म्हणून. तुलूझपासून 'तो' नावाच्या त्या तळ्यापर्यंतचा हा कालवा, सुमारे २४० किलोमीटर, १६८१ मध्ये उघडला. रिके आदल्याच वर्षी गेला. बंदराच्या उद्घाटनाला होड्यांवरची भाल्यांची झुंज झाली होती, ती प्रथा आजही चालू आहे. एक निळी नाव, एक लाल. मागच्या टोकाला तिरकी शिडी आणि तिच्या वर पाण्यापासून तीनेक मीटर उंच फळी. त्यावर पांढऱ्या कपड्यांतला गडी, हातात २.८० मीटर लांब भाला आणि लाकडी ढाल. वल्हेकरी नावा समोरासमोर आणतात आणि जो पाण्यात पडला तो हरला. ढालीबाहेर भाला लागला तर बाद. मोठी झुंज ऑगस्टच्या शेवटी सेंट लुईच्या सणाला. कालव्याच्या काठची जागा सकाळीच धरावी लागते.

तिखटजाळ

खाण्याचं इतकं कमी कसं चाललंय?

मार्सेयच्या बुइयाबेसबद्दल, म्हणजे माशांच्या साराबद्दल, एक इशारा. बंदराच्या तोंडावर फळ्यावर लिहिलेली स्वस्त बुइयाबेस घेऊ नका. तिथल्या काही खानावळवाल्यांनी १९८० मध्ये एक सनद केली. तीत ठरलेल्या माशांच्या यादीतले किमान चार प्रकार हवेत, आणि मासे गिऱ्हाइकासमोर कापून वाढायचे. असली ठिकाणं एक-दोन दिवस आधी सांगायला लावतात आणि बहुधा दोन माणसांच्या खाली करत नाहीत. यादीतले रास्कास आणि व्हीव्ह हे विषारी काट्यांचे मासे. कोळीण काटे छाटून देते, घरी आणलेत तर कात्रीने आधी तेच काम करा.

कृतीत चुकतं ते उकळीत. बारीक खडकमासे कांदा, लीक, टोमॅटो, लसूण, बडीशेपेचा कंद, संत्र्याची वाळलेली साल आणि केशर यांच्याबरोबर अर्धा तास शिजवून गाळून घ्यायचे. हे सार दणदणीत उकळत असतानाच ऑलिव्ह तेल आणि मासे घालायचे. जोराच्या उकळीनेच तेल आणि पाणी एकजीव होतं. मंद आचेवर ठेवलंत तर वर तवंग, खाली पाणी. कडक मांसाचे मासे आधी, दहा मिनिटं. सेंट-पिएरसारखे नाजूक शेवटच्या पाच मिनिटांत. सगळे एकदम टाकले की अर्धे भुसा होतात. आधी सार, टोस्ट आणि लसूण-केशर-मिरचीची 'रुई' नावाची चटणी खायची. मासे आणि बटाटे त्यानंतर, वेगळ्या ताटात.

नीसचा सोक्का शाकाहाऱ्यांसाठी. दिसायला बेसनाचं धिरडं, पण भट्टीत भाजलेलं. २५० ग्रॅम काबुली चण्याचं पीठ, अर्धा लिटर पाणी, तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, मीठ. दोन तास भिजत ठेवा, वरचा फेस काढा. ताट आधी रिकामंच भट्टीत २५० अंशांवर तापवा, मग तेल लावून दोन-तीन मिलिमीटरचा थर ओता. वरून काळे डाग पडायलाच हवेत. ताट गार असलं तर चिकटतो, थर जाड झाला तर मधे कच्चा पिठूळ राहतो. आपल्या हरभरा डाळीच्या बेसनाने जमतं, फक्त पाणी किंचित कमी. मिरपूड भरपूर, गरमच खायचा. दहा मिनिटांनी चामडं.

पिरेनीजच्या पायथ्याच्या कोलिऊर गावच्या खारवलेल्या आंशोव्ह्या. आपल्या मांदेलीच्याच कुळातला मासा. डोकं आणि आतडं हाताने एका झटक्यात काढतात, मग पिंपात एक थर मासे, एक थर मीठ, वर वजन, आणि काही महिने मुरत. मांस गुलाबीसर तपकिरी झालं की मुरली. घरी आणलीत तर नळाखाली मीठ धुवा, शेपटाकडून दोन फाका करून मधला काटा ओढा, गार पाण्यात वीस मिनिटं ठेवा, एकदा पाणी बदला, टिपून तेलात. तासभर भिजवलीत तर लगदा होतो.

शीड उतरवा

सगळ्यांनी वारा विसरला! मिस्त्राल हा रोनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून येणारा कोरडा वारा, ताशी १०० किलोमीटरच्या वर सहज जातो. आकाश मात्र लख्ख निळं. म्हणूनच नवखे फसतात. चित्रासारखं ऊन पडलंय म्हणून पोहायला उतरतात आणि किंचाळत बाहेर येतात. जमिनीकडून समुद्राकडे सुटलेला वारा वरचं तापलेलं पाणी लोटून देतो आणि खालचं गार पाणी वर येतं. मार्सेय-कासीकडे ऐन जुलैत पाणी २४ अंशांवरून एक-दोन दिवसांत १६-१७ वर येतं. वारा पडल्यावर परत तापायला काही दिवस जातात. अशा वेळी पूर्वेला नीसकडे सरका, तिथे मिस्त्राल क्षीण असतो. नीसला त्रास पूर्वेच्या वाऱ्याचा. तो मोठ्या लाटा आणतो आणि किनाऱ्यावरचे गोटे रस्त्यावर फेकतो. हो, गोटे. तिथे वाळू नाही, रबरी तळाचे पाण्यातले बूट न्या.

मिस्त्रालला मार्सेयसमोरच्या बेटावरच्या किल्ल्याच्या, शातो दिफच्या, बोटी बंद होतात किंवा बेटाला न लागता पुढे जातात. सकाळी धक्क्यावर चौकशी करूनच तिकीट काढा.

वाऱ्याची खूण गावातही दिसते. प्रोव्हान्समध्ये देवळांच्या आणि नगरभवनांच्या मनोऱ्यावर घंटेभोवती नुसता लोखंडी सांगाडा असतो. दगडी घुमट वाऱ्याला अडवतो, सांगाड्यातून वारा निघून जातो. जुन्या शेतघरांना उत्तरेकडे खिडकी जवळपास नसतेच.

कालांक म्हणजे मार्सेय आणि कासीमधल्या चुनखडीच्या अरुंद खाड्या. तिथे जायचं असेल तर १ जून ते ३० सप्टेंबर दरम्यान वणव्याच्या धोक्यानुसार रोज रंग ठरतो आणि आदल्या संध्याकाळी जाहीर होतो. लाल असेल तर डोंगरात पाऊलही टाकता येत नाही. पोलीस दंड करतात. शिवाय सुजितों या खाडीला २०२२ पासून भर उन्हाळ्यात आगाऊ नोंदणी लागते, दिवसाला ४०० जण. नोंदणी फुकट. आधी गर्दीच्या दिवशी दोन-अडीच हजार माणसं उतरत होती आणि तुडवून तुडवून पाइनची रोपंच उगवेनाशी झाली होती. आत पाण्याचा नळ कुठेही नाही, माणशी दोन लिटर तरी न्या.

शेवंती१९

मार्सेय म्हटल्यावर सावरकरांच्या उडीचा विषय निघणारच, तर नीट सांगते. ८ जुलै १९१०, 'मोरिया' बोट. बरेच जण व्यू-पोरवर उभे राहून 'इथेच' म्हणतात. पण मोठ्या आगबोटी त्या जुन्या खाडीत शिरत नसत. त्यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उत्तरेला जोलिएत आणि त्यापुढच्या गोद्या बांधल्या गेल्या होत्या. आज तिथे फेरी बोटींचा धक्का आहे. फ्रेंच शिपायाने पकडून परत ब्रिटिशांच्या हवाली केलं, त्यावर फ्रान्सने हरकत घेतली आणि प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल असा होता की ताब्यात देण्यात अनियमितता झाली, पण म्हणून ब्रिटनवर कैदी परत करण्याचं बंधन येत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वर्गांत हा निकाल अजून शिकवतात.

त्याच शहरात सप्टेंबर १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी आलेल्या हिंदी फौजा उतरल्या. दक्षिणेला माझार्ग इथे युद्धस्मशान आहे आणि आत हिंदी सैनिकांचं स्मारक. कालांकच्या वाटेवरच आहे. आणि कामाची गोष्ट: फेब्रुवारी २०२५ पासून मार्सेयला भारताची वाणिज्य वकिलात आहे. पासपोर्ट हरवला तर पॅरिसला धावायची गरज नाही.

कौलारू

गलबत, 'बघण्यासारखं पश्चिमेलाच' हे पटलं नाही. रिव्हिएरा, म्हणजे नीसकडचा पूर्व किनारा, लोक चुकीच्या डोळ्यांनी बघतात एवढंच.

नीस फ्रान्समध्ये कायमचं आलं ते १८६० मध्ये. त्याआधी, १७९२ ते १८१४ हा फ्रेंच काळ सोडला तर, ते सार्डिनियाच्या राज्यात होतं. गारिबाल्डी तिथे जन्मला, १८०७ मध्ये. घरांचे ते गेरू आणि पिवळे रंग, सारख्या उंचीच्या ओळी हे सगळं १८३२ मध्ये नेमलेल्या सार्डिनियन नगररचना मंडळाचं काम. त्यांच्या मंजुरीशिवाय दर्शनी भिंत रंगवता येत नसे. व्हिलफ्रांश-मांतोंकडे भिंतींवर खोट्या खिडक्या रंगवलेल्या दिसतील, सावलीसकट. दर्शनी बाजूची रेष बिघडू नये म्हणून.

दुसरं, हा सगळा पट्टा हिवाळी गाव म्हणून वाढला. इंग्रज आणि रशियन ऑक्टोबरनंतर येत आणि वसंतात निघून जात. उन्हाळ्यात हॉटेलांना कुलूप. उन्हात पडून राहायची टूम १९२० नंतरची. म्हणून जुनी हॉटेलं टेकडीवर, दक्षिणेला तोंड करून. २०२१ मध्ये युनेस्कोने नीसला यादीत घेतलं तेही 'हिवाळी विश्रामनगर' म्हणून. फेब्रुवारीत जा, मांतोंचा लिंबू-उत्सव तेव्हाच असतो आणि गर्दी निम्मी.

व्हिलफ्रांशला पाण्याला समांतर एक झाकलेली गल्ली आहे, रुय ओब्स्क्यूर, सव्वाशे मीटरच्या वर लांब, वर घरं, खाली तेराव्या शतकापासूनची अंधारी वाट. नीसहून गाडीने काही मिनिटं. सेंट-ट्रोपेबद्दल लिहीत नाही. रेल्वे नाही, रस्ता उन्हाळ्यात तुंबलेला. जायचंच तर समोरच्या सेंट-माक्सीमहून बोटीने.

गलबत

कौलारू, हिवाळ्याचा मुद्दा मान्य. मात्र पश्चिमेच्या पारड्यात अजून एक वजन टाकतो. १९६३ मध्ये सरकारने हा दलदलीचा किनारा पर्यटनासाठी वसवायची योजना हाती घेतली. आधी डासांचा बंदोबस्त, मग गावं. ग्रांद-मोतचे पिरॅमिडच्या आकाराचे पांढरे इमले त्यातलेच, वास्तुरचनाकार जां बालादुर. पूर्वी सगळे नाक मुरडायचे, आता अभ्यासाला येतात.

अभ्यासू बोका

वाचनखूण साठवली. आता मुद्द्याचं: गाडी न चालवता सात दिवसांत दोन्ही बाजू होतील का?

नकाशावाला

होतील, पण सगळं नको. नीस दोन रात्री, तिथूनच व्हिलफ्रांश आणि मांतों लोकल गाडीने. मग मार्सेय दोन रात्री, अडीच-पावणेतीन तासांचा रेल्वेप्रवास. जाताना डावीकडची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला. मार्सेयचा एक दिवस वाऱ्यासाठी मोकळा ठेवा. कालांक किंवा बेट, जे उघडं असेल ते. मग सेतला तीन रात्री. एग-मोर्तला सेतहून थेट गाडी नाही. नीम या शहरात बदलून ग्रो-द्यु-रुआच्या छोट्या फाट्यावरची गाडी घ्यावी लागते, आणि त्या फाट्यावर कधीकधी रेल्वेऐवजी बस सोडतात. ती बस फलाटावरून नाही, स्टेशनबाहेरून सुटते. फलाटावर उभे राहिलात तर हुकलीच. कोलिऊर या दौऱ्यात बसवू नका. पेर्पिन्यांहून वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, पण सेतहून जाऊन-येऊन पूर्ण दिवस मोडतो.